‘झालं’ कुणी म्हणायचं

गिरणीचा पट्टा टाकायच्या आधी नाना ओट्यावर येत, कानांतले कापसाचे बोळे काढून हातात धरत आणि विचारत, "कुनाचं बोलनं ऱ्हायलंय का?"

कुणाचं राहिलं नसेल तर बोळे पुन्हा कानात जात, नाना आत जात आणि मोटार सुरू होई. राहिलं असेल तर दळण थांबे. डब्यांची रांग पायरीपर्यंत गेलेली असो की कुणाच्या घरी तवा चुलीवर तापत असो, बोलणाऱ्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय भिंगारच्या त्या गल्लीत पीठ पडत नसे.

मी बाहत्तर साली तिथल्या शाळेत नोकरीला लागले आणि गिरणीवरची माडीची खोली भाड्याने घेतली. खोली पसंत करण्याआधी मी कागदावर दोन रकाने आखले होते, एक फायद्यांचा, एक तोट्यांचा. ही माझी तेव्हापासूनची सवय. तोट्यांच्या रकान्यात पहिलंच लिहिलं होतं, ‘गिरणीचा आवाज’. राहायला गेल्यावर कळलं की गिरणी चालू असतानाच्या आवाजापेक्षा ती बंद असतानाचं बोलणंच जास्त होतं.

नाना उंच, खांद्यात थोडे वाकलेले. भुवया, पापण्या, कानांवरचे केस, सगळं पिठाने पांढरं. सोमवारी गिरणी बंद असे. त्या दिवशी ते दगडांना टाकी लावत, म्हणजे झिजलेले दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करत, आणि मग साबण लावून आंघोळ करत. पहिल्या सोमवारी काळ्याभोर भुवयांचे एक गृहस्थ मला जिन्यात भेटले. मी त्यांना विचारलं, "नाना कुठे भेटतील?"

"उद्या," ते म्हणाले आणि छिन्नी घेऊन आत गेले.

गिरणीआधी ते लष्कराच्या गाड्यांवर सिव्हिलियन ड्रायव्हर होते. त्या नोकरीबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच मला म्हणाले, "तितं साहेब बोलायचा आन बाकीचे ‘जी साब’. साहेबाची टोपी डोक्यावर चढली की बोलनं संपलं. मंग आमी गाडीत बसून मनातल्या मनात बोलायचो. लई वर्सं मनातल्या मनात बोललो, बाई."

पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी गिरणी घेतली. सगळ्यांना वाटलं की पोटासाठी घेतली. काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, म्हणत की गिरणी ओट्यासाठी घेतली. दळण टाकलं की माणसाला थांबावं लागतं, आणि थांबलेला माणूस बोलतो, एवढाच हिशेब त्यांनी केला असावा. ओटा लांबरुंद होता, वर पत्र्याची सावली होती. रेशनला काय आलं, नळाला पाणी कधी येणार, कुणाच्या मुलीला नगरला कॉलेजात पाठवावं की नाही, नागापूरला कारखाने होताहेत तिथे पोराला चिकटवावं की शेतीत ठेवावं, असा कुठलाही विषय त्या ओट्यावर निघे.

त्या बोलण्याला नानांचे कायदे होते. कुठे लिहिलेले नव्हते, पण गल्लीतल्या लहान पोरालाही पाठ होते. जो दोनदा बोलला त्याने, जो एकदाही बोलला नाही त्याच्यासाठी थांबायचं. मोटारीचा खटका ज्याच्या हातात आहे त्याने, म्हणजे खुद्द नानांनी, मत द्यायचं नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा असा की चर्चा मिटली असं मालकाने म्हणायचं नाही, मोठ्या आवाजाच्या माणसाने म्हणायचं नाही, जास्त लोकांनी मिळूनही म्हणायचं नाही. तिचा निकाल ज्याला सोसावा लागणार, त्यानेच ‘झालं’ म्हणायचं. तो म्हणाला की झालं. नाना बोळे कानात घालत.

या कायद्याची पहिली झळ मलाच लागली. माडीच्या फळ्यांच्या फटींतून पीठ वर येई आणि मुलांच्या वह्यांवर, धुतलेल्या पातळांवर बसे. मी खाली जाऊन तक्रार केली. मला वाटलं, घरमालक एकतर करतो म्हणतील किंवा नाही म्हणतील. नानांनी मला ओट्यावर बसवलं आणि रांगेतल्यांना सांगितलं, "बाईंच्या खोलीत पीठ जातंय. सोसनाऱ्या बाई हाईत. बोला."

लोक बोलले. फळ्यांना आतून कागद चिकटवा. गोणपाट ठोका. पत्रा मारा. बाईंनी खोली बदलावी. पीठ लक्ष्मी असतं, तक्रार करू नये. मला वह्या तपासायच्या होत्या. पत्र्याची सूचना ऐकल्याबरोबर मी म्हटलं, "पत्रा मारा. झालं."

"आत्ताच कसं झालं?" नाना म्हणाले. "त्या खांबाजवळच्या पाव्हण्याचं ऱ्हायलंय."

खांबाजवळचा पाहुणा दचकला. तो कुठल्याशा गावाहून बहिणीकडे आला होता आणि तिचं दळण न्यायला थांबला होता. म्हणाला, "मला काय इचारता? मी तर वरची खोलीबी पाह्यली न्हाई."

"पाहून या," नाना म्हणाले.

तो खरोखर जिना चढून माझी खोली पाहून आला आणि म्हणाला की पत्रा बरा. मग नाना माझ्याकडे वळले. "आता म्हना."

"झालं," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रा ठोकला, आणि तो चांगला ठोकला.

मी तेव्हापासूनच वेळेची माणूस. मला हे सगळं पाहवेना. एक दिवस मी ओट्यावर ठराव मांडला की प्रत्येक चर्चेला वेळ नेमून द्यावी. नानांचं म्हणणं, कुणीही काहीही मांडावं, करून पाहावं. मी माझं गजराचं घड्याळ खाली आणून डब्यांच्या फळीवर ठेवलं. पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतली एक बाई बोलत होती. तिच्या नवऱ्याने तिची शेळी तिला न विचारता बाजारात विकली होती, आणि भावाकडे निघून जावं की राहावं हे तिला कळत नव्हतं. आधी ती शेळीच्या दुधाबद्दल बोलली, मग तिच्या गळ्यातल्या दाव्याबद्दल, मग कुठे नवऱ्याचं नाव निघालं, आणि गजर वाजला. बाई वाक्याच्या मध्येच थांबली. पदर ओढला आणि डबा उचलायला वाकली.

नानांनी घड्याळ उचललं, एका रिकाम्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि वर कुणाचं तरी ज्वारीचं पोतं ठेवलं. घड्याळ आत गुदमरल्यासारखं वाजत राहिलं. नाना त्या बाईसमोर खाली बसले. "म्हना, ताई. शेळी इकली. मंग?"

संध्याकाळी त्यांनी घड्याळ पुसून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "घड्याळ चांगलं हाय, बाई. पन त्याला काय सोसायचंय?"

आज मी एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. माझ्या सभांची विषयपत्रिका आदल्या दिवशी निघते आणि सभा वेळेवर संपते. फक्त उठण्याआधी मी सगळ्यात मागच्या खुर्चीकडे एकदा पाहते. शिपाई म्हणतो, बाई चष्म्यातून खुर्च्या मोजतात.

नानांचे खरे प्रतिस्पर्धी होते एक निवृत्त हेडक्लार्क. गल्ली त्यांना रावसाहेब म्हणे, आणि ते ती थट्टा मानत नसत. पांढरा सदरा, काळी टोपी, गव्हाचा पितळी डबा. ओट्यावर ते पालथ्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर बसत, म्हणजे इतरांपेक्षा वीतभर उंच. त्यांच्या मते चर्चा मिटवायचा एकच सभ्य मार्ग होता, हात वर करून बहुमत. ते लगेच मोजतही. एकदा पदर सावरायला वर गेलेला हातही त्यांनी मोजला आणि त्या बाईने विरोधी मत का दिलं याची तिच्या घरी जाऊन नवऱ्याकडे चौकशी केली.

"नाना, ही गिरणी आहे की भिशी?" ते विचारत. "दहा माणसं एक म्हणतात आणि एक माणूस रुसून बसतो. त्या एकासाठी दहांनी उपाशी राहायचं?"

"धांचं पोट धांनी भरलेलं असतं, रावसाहेब," नाना म्हणत. "त्या एकाचं काय ते आपल्याला ठाऊक नसतं."

रावसाहेब चिडून डबा उचलत आणि दुसऱ्या दिवशी तोच डबा घेऊन सगळ्यांच्या आधी येत. बाजारात दुसरी गिरणी होती, तिथे कुणी बोलत नसे आणि दळण झटपट मिळे. ते तिकडे कधी गेले नाहीत.

त्याच सालाच्या दुष्काळाने सगळ्यांची तोंडं एका विषयाला लावली. पाथर्डीकडून माणसं कामाला आली होती. भिंगारच्या पुढे रस्त्याकडेला खडी फोडायचं केंद्र निघालं होतं आणि तिथेच पालं ठोकून ती राहत. रेशनला लाल मिलो मिळे. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, आमच्याकडे जनावरांपुढे टाकायलाही कुणी धजलं नसतं, पण त्या साली माणसं ती खात होती.

आता दळणाची एक रीत आहे, ती सांगायला हवी. एकाचं दळण संपलं तरी दगडांत थोडं पीठ राहतंच, आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणून गव्हावर गहू टाकायचा, ज्वारीवर ज्वारी. ज्वारीवर गहू टाकला तर पोळी चिरते. बायका डबा ठेवतानाच विचारत, "माझ्या आधी कुणाचं हाय?" नाना डब्यांची रांग त्या हिशेबाने लावत. मिलो या रीतीत कुठेच बसत नव्हता. त्याच्यानंतर जे येई ते लाल होई आणि त्याला एक कुबट वास येई. बाजारातल्या गिरणीने मिलो घेणं बंद केलं होतं.

एक दिवस त्या केंद्रावरची गयाबाई भर दुपारी आली. चाळिशीची, काटक, हातांना खडीचे ओरखडे. डोक्यावर पोतं होतं. तिच्या वस्तीवरच्या सगळ्या पालांचा मिलो ती एकटी दळून नेणार होती, म्हणजे बाकीच्यांचं काम बुडू नये. केंद्रावर दुपारची सुट्टी होई तेवढ्यात यायचं, दळायचं आणि पुन्हा हजेरीच्या आत पोचायचं. संध्याकाळी चुली पेटायच्या तर पीठ दुपारीच हवं होतं. संध्याकाळी आमच्याकडे विजेचा भरवसा नसे आणि अंधारात ती वाट बायांनी चालायची नव्हती.

नानांनी पोतं पाहिलं, रांग पाहिली, आणि मिलो एका ज्वारीच्या डब्यामागे दळून दिला. त्याच्यामागचा डबा रावसाहेबांचा होता. नानांनी नेहमीसारखं मधे मूठभर जाडंभरडं धान्य टाकून दगड पुसून घेतला होता. तेवढं पुरलं नाही. थोड्या वेळाने रावसाहेब उघडा डबा घेऊन परत आले. गव्हाचं पीठ गुलाबी झालं होतं.

"हे घ्या," ते म्हणाले. "घरात विचारताहेत, गुलाल आणलात का."

दुसऱ्या दिवशी दुपारी गयाबाई पोतं घेऊन आली तेव्हा ओटा भरलेला होता आणि चर्चा सुरू झाली होती. मी सकाळची शाळा उरकून नुकतीच आले होते, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. बायकांचं म्हणणं होतं की मुलं लाल पोळी तोंडात घेत नाहीत. कुणी म्हणालं, या लोकांसाठी सरकारने केंद्रावर गिरणी टाकावी. कुणी म्हणालं, टाकावी, पण आज काय? शेवटी रावसाहेब उभे राहिले. मिलोला बंदी करू नये, तो अन्याय होईल. पण मिलो शेवटी दळावा, गिरणी बंद होताना, म्हणजे त्याच्यानंतर कुणाचंच दळण नसेल. संध्याकाळपर्यंत बाईंनी थांबावं किंवा पोतं ठेवून जावं. वाजवीच होतं ते ऐकायला. हात वर झाले. रावसाहेबांनी मोजले.

"हात लई झाले," नाना म्हणाले. "पन सोसनारं कोन?"

सगळ्यांनी पायरीकडे पाहिलं. गयाबाई पोत्यावर हात ठेवून उभी होती.

"गयाबाई, तुमचं बोलनं ऱ्हायलंय."

तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा पोत्याकडे. परक्या गावात, भरल्या पोटाच्या माणसांच्या घोळक्यात काय बोलायचं असतं? मग हजेरीची वेळ झाली म्हणून पोतं तिथेच टाकून ती निघून गेली.

नानांनी बोळे खिशात घातले आणि सांगितलं की चर्चा उघडी आहे, ती मिटेपर्यंत पट्टा पडणार नाही, गव्हावरही नाही आणि मिलोवरही नाही. लोकांनी चिडून डबे उचलले. काही सरळ बाजारच्या गिरणीकडे गेले. मीही माझा डबा वर नेला.

काकूंनी आतून सगळं ऐकलं होतं. त्या ओट्यावरच्या बोलण्यात कधी येत नसत. नाना आत गेल्यावर मात्र त्यांचा आवाज मला वर ऐकू आला. "गिरनी तुमची हाय. त्या बाईचं पोतं घाला आन टाका पट्टा. कोन काय करनार हाय?"

"कोनी काय करनार न्हाई," नाना म्हणाले, "म्हनूनच टाकत न्हाई. खटका माझ्या हातात हाय. मी टाकला तर माझंच खरं हुतं."

"मंग हू द्या की येकदा."



तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे पुन्हा जमले. डबे कालचेच होते, न दळलेले. रावसाहेबांनी, आदल्या दिवशी काय काय ठरलं याचा गोषवारा द्यायला सुरुवात केली. तेवढ्यात गयाबाई आली. आज ती पायरीवर थांबली नाही, ओट्यावर चढली.

"झालं," ती म्हणाली.

नानांनी विचारलं, "काय झालं?"

"मिलो शेवटी तर शेवटी. झालं."

रावसाहेबांनी समाधानाने टोपी नीट केली. लोक डबे पुढे सरकवू लागले. पण नाना जागचे हलले नाहीत. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. एखादं मूल चुकीचं उत्तर देतंय आणि त्याला बरोबर उत्तर येतंय हे आपल्याला ठाऊक असावं, तसा. ते फार मऊपणाने म्हणाले, "बाई, तुमी भिऊन म्हनताय. तसं चालत न्हाई. मनातलं बोला. चर्चा उगडी ऱ्हाऊ दे आजच्या दिस."

गयाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही.

"भिऊन? काल रातच्याला आमच्या पोरांनी पालात ऱ्हायल्याल्या मिलोच्या घुगऱ्या खाल्ल्या. शिजंना, दातांनी फुटंना. धाकटी तशीच झोपली. तुमी समदे घरी जाऊन जेवलात, आन जेवून परत बोलाया आलात. ह्ये बोलनं मला परवडत न्हाई, नाना. सोसनाऱ्यानं मिटवायचं म्हनता ना? मंग मी मिटवलं. मी झालं म्हनल्यावर न्हाई म्हननारे तुमी कोन?"

नानांनी हातातले कापसाचे बोळे इतके दाबले होते की त्यांची गोळी झाली होती. कुणी मालकाने किंवा बहुमताने चर्चा दाबू नये म्हणून त्यांनी इतकी वर्षं जिवाचं रान केलं होतं. चर्चा उघडी ठेवूनही माणसाला दाबता येतं, हे त्यांना त्या दुपारी कुणीतरी तोंडावर सांगितलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "माझं चुकलं. मिटली. मिलो शेवटी."

मग ते उठले, रांगेतल्या पहिल्या डब्याजवळ गेले आणि तो उचलून मालकिणीच्या हातात दिला. दुसरा उचलला, तोही दिला. रावसाहेबांचा पितळी डबा त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला. लोकांना काही कळेना.

"गिरनी आज बंद हुतीया," नाना म्हणाले. "एकच दळन हुईल, शेवटचं. मिलो शेवटी ठरलाय न्हवं?"

रावसाहेब तेलाच्या डब्यावरून उठले. "दुपारी? दुपारी कुठली गिरणी बंद होते?"

"ही हुनार. उद्यापासनं रोज. पहाटं उगडीन, समद्यांचं दळन दुपारच्या आत. मंग मिलो. मंग कुलूप."

"नाना, ही चलाखी आहे. ठरावाचा हेतू असा नव्हता."

"चलाखीच हाय," नानांनी कबूल केलं. "पन चर्चा मिलो कवा दळायचा याची व्हती. गिरनी कवा बंद करायची याची झालीच न्हाई. करायची तर करू. बसा. पन दुपारनंतरचं दळन बुडनार ते माझं. सोसनारा मी. मिटवायची मी."

"आन मी?"

काकू आतल्या दारात उभ्या होत्या. हाताला ओलं पीठ होतं, भाकरीवरून उठून आल्या असाव्यात. राहायला आल्यापासून मी त्यांना त्या उंबऱ्याच्या अलीकडे कधी पाहिलं नव्हतं.

"तुमी बोलत बसता, घर मी चालवते," त्या म्हणाल्या. "दळन बुडलं तर माझंबी बुडंल. मला इचारलंत?"

नाना गडबडले. त्यांच्याच कायद्याने त्यांना काकूंकडे वळणं भाग होतं, आणि ते वळले. सगळ्या गल्लीसमोर, हातातली कापसाची गोळी दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "चुकलं. तू सांग."

रावसाहेबांच्या चेहऱ्यावर आशा उगवली. काकू त्यांच्या बाजूने उभ्या राहतील याची त्यांना खात्री वाटली असावी. मलाही वाटली. गिऱ्हाइकं आधीच बाजाराकडे जात होती, आणि दुपारनंतरचं दळण हेच मोठं दळण असे.

काकूंनी घाई केली नाही. रांगेतल्या बायकांकडे पाहिलं. मग त्या खाली उतरल्या, गयाबाईच्या पोत्याचं तोंड सोडलं आणि मूठभर मिलो बाहेर काढून तळव्यावर पसरला. त्यातला एक खडा वेचून टाकला, दाणे परत पोत्यात सोडले.

"पहाटं उटवीन मी ह्यांना," त्या म्हणाल्या. "दळनं लवकर पाठवा म्हनावं समद्यांनी. झालं."

नाना आत गेले. पट्टा पडला, मोटार घरघरली, आणि कापडी बाहीतून लाल पीठ पडायला लागलं. बायका डबे घेऊन पांगल्या. काही काकूंना उद्या पहाटे किती लवकर यायचं ते विचारून गेल्या, काही न विचारता गेल्या आणि परत कधी आल्या नाहीत. मिलो दळून होईपर्यंत गयाबाई दगडाशेजारी उभी होती, जणू कुणी मधेच बंद करील. ताजं पीठ फार गरम असतं. ती पोतं तसंच डोक्यावर घ्यायला लागली तेव्हा काकूंनी आतून जुन्या लुगड्याची जाड घडी आणून तिच्या डोक्यावर ठेवली आणि वर पोतं ठेवलं. गयाबाई पायऱ्या उतरली आणि रस्त्याला लागली. चालत नव्हती, डोक्यावरचा भार न हलवता पळत होती.

नानांनी खटका खाली ओढला.

मी त्या गल्लीत भर दुपारी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. ओट्यावर फक्त रावसाहेब उरले होते. पितळी डबा मांडीवर घेऊन ते तेलाच्या डब्यावर तसेच बसून होते. मला वाटलं, आता भांडण होईल. नाना बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी, खाली ओट्यावर बसले.

रावसाहेब म्हणाले, "पहाटे म्हणजे किती पहाटे?"

"कोंबड्याला."

"थंडी असते."

"असती."

तेवढ्यात लांबून टण् टण् असा आवाज आला. केंद्रावर रुळाचा तुकडा टांगून ठेवलेला होता, तो बडवून माणसांना दुपारच्या हजेरीला बोलवत. रोज बडवत असणार. गिरणीच्या आणि ओट्यावरच्या बोलण्याच्या आवाजात तो आमच्यापर्यंत कधी आलाच नव्हता.

नानांनी मान वर केली. "पोचली असंल का?"

रावसाहेबांनी टोपी काढली, कानामागे हात धरला, आणि शेवटचा ठोका विरेपर्यंत रस्त्याच्या त्या टोकाकडे पाहत राहिले.

"पळत होती," ते म्हणाले. "पोचली असेल."